उसनं इंजिन

"मामा, जरा दमानं घे!" इमोसी ओरडला. इंजिनाच्या आवाजात ते नेमानीमामाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं तरी त्याने मनावर घेतलं नाही. होडी लाटांवर आपटत सुसाट चालली होती. इमोसीने एका हाताने कड घट्ट धरली होती आणि दुसऱ्या हातातलं घड्याळ तो पाण्यापासून वाचवत होता.

तो राजधानी सुव्याहून सरकारी कामावर आला होता. कुठल्या बेटावरून रोग्याला मोठ्या बेटावरच्या इस्पितळात पोचायला किती वेळ लागतो, ते मोजायचं. दोन तासांच्या वर लागला, तर त्या बेटाला स्वतःचा दवाखाना आणि नर्स मिळणार होती. ही मर्यादा गावकऱ्यांना सांगायची मात्र सक्त मनाई होती. सांगितलं तर गावोगावचे लोक मुद्दाम होड्या वल्हवतच आणतील, असं साहेबांचं म्हणणं.

आणि हे बेट तर इमोसीच्या आईचं माहेर. मामाचं खोकणारं इंजिन तीन तासांच्या आत कधी पोचलेलं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गेल्याच वर्षी मामी याच वाटेवर दगावली होती. आता तरी गावाला दवाखाना मिळेल, म्हणून तो मनातून खूश होता. 'रोग्याला आणता तसं मला न्या,' एवढाच निरोप त्याने धाडला होता.

पण तो एक गोष्ट विसरला. आजोळी तो साहेब नव्हता, भाचा होता. फिजीत भाचा आजोळी आला की आवडेल ते उचलून नेतो आणि कोणी चकार शब्द काढत नाही. असा भाचा खोकणाऱ्या इंजिनावर बसणार? मामा आदल्या दिवशीच रिवाजाप्रमाणे नजराण्याची यंगोनाची मुळी घेऊन शेजारच्या गावात गेला, ती त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांचं कोरं करकरीत इंजिन मागून आणलं. होडीतली जाळी, दोर, सगळं ओझंही काढून टाकलं.

"हे काय, मामा? रोग्याला नेतोस तसं ने म्हटलं होतं मी," इमोसी सकाळी म्हणाला होता.

"मग तू काय कमी आजारी दिसतोस? शहरातलं खाऊन पार काटकी झालीय तुझी! सरकारी साहेब झालास म्हणून भाच्याला रांगत नेऊ होय?"

किनाऱ्यावरच्या बायका खो खो हसल्या. खरं कारण सांगायची तर मनाई. इमोसी होडीत चढला.

मोठ्या बेटाच्या धक्क्यावर त्याच्या कचेरीतली अकानीसी घड्याळ लावून उभी होती. होडी निघाल्याचं तिला फोनवर कळवलेलं होतं.

"सव्वा तास! झकास की," ती म्हणाली.

 इंजिन उसनं आहे, हे इमोसीने तिला लगेच सांगितलं. अकानीसी काही वाईट बाई नव्हती. तिने सरळ मामालाच विचारलं, "काका, गावात कुणी आजारी पडलं तर हे इंजिन मिळतं का तुम्हाला?"

मामाची छाती फुगली. "म्हणजे काय! मुळी पुढं ठेवून मागितल्यावर नाही म्हणणारा माणूस या समुद्रात अजून जन्मला नाही, पोरी."

"मग झालं तर." मागून मिळतं ते गावाचंच धरायचं, असा नियम होता. तिने सव्वा तास लिहिला आणि ती चहाला गेली.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. इमोसी धक्क्याच्या पायरीवर मटकन बसला.

"काय करून बसलास, मामा! दोन तासांच्या वर लागले असते तर गावाला दवाखाना मिळणार होता. माझ्या मानापायी घालवलास तू तो!"

मामा कपाळावर हात मारून घेईल, असं त्याला वाटलं होतं. पण मामाने समोरच्या इस्पितळाकडे बघत विचारलं,

"सव्वा तासच ना? नक्की?"

"नक्की. का रे?"

"डॉक्टर म्हणाला होता, दोन तासांत आणली असतीत तर उनाईसी वाचली असती." मामीचं नाव मामाने वर्षभरात पहिल्यांदाच घेतलं. "मी सगळ्यांना देवाची मर्जी म्हणून सांगितलं. पण मनातून जात नव्हतं. एकदा या इंजिनावर येऊन बघायचंच होतं मला."

इमोसीला भडभडून आलं.  मामाचा पोलादासारखा हात त्याने आपल्या हातात घेतला.

"त्या दिवशी शेजारच्या गावाने इंजिन दिलं नाही, मामा?"

"ते कशाला नाही म्हणतील? मीच गेलो नाही मागायला."  "त्याआधीच लेकीच्या लग्नात द्यायला चटया, डुकरं, सगळं त्यांच्याकडूनच आणलेलं. म्हटलं, सारखं सारखं काय तोंड वेंगाडायचं? आपलं आहे तेच इंजिन बरं... तुझ्यासाठी मागताना काल लाज वाटली नाही रे, इमोसी. तिच्यासाठी वाटली."