शून्य गळती

"शून्य?" अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तीन वर्षांत एकही मूल कॉलेज अर्धवट सोडून गेलं नाही?"

"नाही, सर," हेमा म्हणाली.

वारज्याच्या त्या विज्ञान महाविद्यालयात हेमा संख्याशास्त्र शिकवायची. मूल्यांकन समितीसाठी गळतीचा तक्ता तिनेच केला होता. एकशे ब्याऐंशी मुलं आली, एकशे ब्याऐंशी पदवी घेऊन गेली. तिने तीनदा मोजलं होतं. चौथ्यांदा मोजलं ते स्वतःवरच विश्वास बसेना म्हणून.

अध्यक्ष डॉ. हिंदुराव माने कोल्हापूरच्या एका कॉलेजचे प्राचार्य होते. "मॅडम, दोन हजार चार साल आहे. बारावी झालेल्या पोराला कॉल सेंटरवाले घरापर्यंत गाडी पाठवून नेतात. माझ्याकडची चाळीस पोरं दर वर्षी जातात. आणि तुमच्याकडे शून्य?" त्यांनी तक्त्यावर पेन्सिलीने शेरा मारला, 'माहिती संशयास्पद'. "उद्या दुपारपर्यंत कारण दाखवा. नाहीतर यावर पेन फिरवून शेरा पक्का करतो."

तक्त्याखाली हेमाची सही होती. संख्याशास्त्राच्या बाईंनीच खोटे आकडे दिले, हे पुण्यात पसरायला एक चहा पुरला असता.

कॉलेज सोडावंसं वाटणारा एक तरी मुलगा शोधायला ती निघाली. तो ऑफिसच्या खिडकीशीच सापडला. दुसऱ्या वर्षाचा सुखदेव, वर्ध्याचा. हा तर तिच्या वर्गातला; शेवटच्या बाकावर, एकही दिवस न बुडवणारा.

"तू कॉलेज सोडतोयस?"

"जूनपासून सोडून राहिलो ना, मॅडम!" हातातला फॉर्म घड्यांवर फाटायला आला होता. "विश्रांतवाडीला नोकरी लागली. ते बारावीची मूळ मार्कशीट मागतात. ती इथं ऑफिसात जमा आहे. पास होणाऱ्याला आपोआप हातात देतात. मधेच सोडणाऱ्याला चार सह्या लागतात, लायब्ररीपासून."

"मग माझ्या तासाला रोज कसा काय असतोस?"

"लायब्ररी तीनला उघडते, मॅडम. तोवर बसायचं कुठं? तुमच्या वर्गातला पंखा चालतो."

"आणि सहामाहीला एकाहत्तर गुण?"

सुखदेव ओशाळला. "ऐकून ऐकून यायला लागलं."

दुसऱ्या दिवशी हेमा त्याच्याबरोबर फिरली. ग्रंथपाल म्हणाले, आधी प्रयोगशाळेची सही आणा. प्रयोगशाळेत सांगितलं, आधी जिमखान्याची. जिमखान्याच्या सरांनी शिट्टी तोंडातून न काढताच ऑफिसच्या शिक्क्याकडे बोट दाखवलं. आणि ऑफिसच्या खिडकीतून हेडक्लार्क यज्ञेश्वर जोगळेकरांनी शांतपणे विचारलं, "लायब्ररीची सही कुठे आहे?"

चारही नियम चार वेगवेगळ्या प्राचार्यांनी केले होते. एकानेही आधीच्याचा नियम वाचला नव्हता.

हेमाने वहीत चार ठिपके काढले, चार बाण काढले. वर्तुळ पूर्ण झालं. आत जायला वाट होती. बाहेर पडायची एकच, पदवी.

वही घेऊन ती धावतच अध्यक्षांकडे गेली. त्यांनी चित्र सरळ धरून पाहिलं, उलटं धरून पाहिलं आणि पोट धरून हसले.

"मॅडम, कागद मिळत नाही म्हणून कुणी बी.एस्सी. होतं का? माणूस चिडतो, भांडतो, आपला मार्ग काढतो. कोल्हापूरला या, दाखवतो." त्यांनी घड्याळ बघितलं. "माझी चारची गाडी आहे. तेवढा हजेरीचा दाखला घेतो, गाडीत बसतो आणि शेऱ्यावर पेन फिरवतो."

तो दाखला न्यायलाच हवा होता. त्याशिवाय त्यांचं कॉलेज त्यांना कामावर रुजू करून घेत नसे. हा नियम त्यांनी स्वतःच केलेला होता.

हेमा त्यांच्यामागून खिडकीपर्यंत गेली.

"हजेरीचा दाखला," अध्यक्ष म्हणाले.

जोगळेकरांनी मान वर केली नाही. "लायब्ररीची सही?"

"अहो, मी समितीचा अध्यक्ष आहे. विद्यार्थी नाही!"

"तसं मी म्हटलेलं नाही." जोगळेकरांनी नियमांची वही खिडकीतून बाहेर सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "'संस्थेतून कागद घेऊन जाणारी व्यक्ती.' आपण व्यक्ती आहात. कागद मागताय. जाणारही आहात. मुक्काम करणार असाल, तर प्रश्नच नाही."

अध्यक्ष चिडले. भांडले. प्राचार्यांना बोलावून आणलं. प्राचार्य खिडकीपाशी आले, जोगळेकरांना बघितलं आणि अध्यक्षांना म्हणाले, "लायब्ररी तशी जवळच आहे." अध्यक्ष तरातरा जिना चढून गेले. लायब्ररीला कुलूप होतं. ग्रंथपाल तीनला उघडत आणि सव्वातीनला चहाला जात.

चारची गाडी गेली. समितीतले बाकीचे दोघे शहाणे. दाखल्याचा विचार सोडून ते स्वारगेटला पोचलेसुद्धा.

सोमवारी हेमा वर्गात आली. पटावर एकसष्ट मुलं होती. सवयीने तिने डोकी मोजली. बासष्ट भरली. तिने पुन्हा मोजलं.

शेवटच्या बाकावर, पंख्याखाली, सुखदेवच्या शेजारी अध्यक्ष बसले होते. सुखदेवने त्यांना एक कोरी वही दिली होती आणि ते समासाची रेघ आखत होते. बाजूला समितीचा अहवाल उघडा होता. पेन्सिलीचा शेरा स्वच्छ खोडलेला होता, आणि त्या जागी पेनने, ठळक अक्षरात, 'शून्य' असं लिहिलेलं होतं.

अध्यक्ष उठून उभे राहिले.

"शिकवा तुम्ही, मॅडम," ते नम्रपणे म्हणाले. "लायब्ररी तीनला उघडते."