कवळी

"लुर्दिन, माझी कवळी कुठाय?" धाकट्या लेकीच्या लग्नात फुर्तादो खिसे चाचपत होते. दातांशिवाय ट्रॉम्बोन फुंकणार कसा? स्टेजवर जॅझ बँडमधले जुने सोबती त्यांची वाट बघत होते.

आयुष्यभर त्यांच्या ट्रॉम्बोनवर अख्खी मुंबई नाचली. बायको लुर्दिन मात्र भिंतीकडेला, नाचणाऱ्या बायकांच्या पर्सा सांभाळत बसायची. नवराच स्टेजवर, मग नाचणार कोणाबरोबर?

शेवटी बँड त्यांच्याविनाच सुरू झाला. लुर्दिनने हात पुढे केला.

"मला कुठे नाचता येतं?" फुर्तादो बोळक्या तोंडाने म्हणाले.

"मला येतं."

तिच्या गिरक्यांपुढे ते सगळं विसरले. तिसऱ्या गाण्याला एकदम आठवलं. "अगं, पण कवळी?"

"माझ्या पर्समध्ये आहे," लुर्दिन हसली. "आणि माझी पर्स आज विहीणबाई सांभाळताहेत."