स्वखुशीने
शिलाई कारखान्यातल्या मावशींना साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि तयार राजीनामा पुढे सरकवला. शेजारच्या बाईचं बोट सुईखाली गेलं, तेव्हा मशीनची संरक्षक पट्टी महिनाभर तुटलेलीच होती, हे मावशींनी सरकारी निरीक्षकाला सांगितलं होतं. “सही करा, उगाच ताणू नका,” साहेब म्हणाले. “माझी चूक लिहून द्या.” “चूक कसली? तुम्ही स्वखुशीने जाताय.” मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज न चढवता त्यांनी पेन उचललं, ‘स्वखुशीने’ खोडलं, वर ठळक लिहिलं, ‘खरं बोलल्याबद्दल साहेब काढतायत म्हणून’, आणि सही केली. साहेबांनी कागद टराटरा फाडला. “दुसरा छापा,” मावशी म्हणाल्या, “मी पुन्हा हेच लिहीन.” तडक मशीनवर जाऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत दुसरा कागद आला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच रागापायी त्यांचा एकही टाका सरळ पडला नाही.