दर त्याचा, नमुना तुमचा

टेंडर गेल्याचं टेलरला नगरपालिकेच्या फळ्यावर कळलं. सफाई कामगारांच्या जॅकेटांचं काम होलसेलला मिळालं होतं. होलसेल म्हणजे गावाबाहेरचा कपड्यांचा कारखानदार. सगळे पुरवठादार त्याला याच नावाने ओळखत. टेलरचं नाव त्याच्या खाली, दुसरं होतं.

शेजारी झाडू पुरवणारा उभा होता. त्याने टेलरच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. त्याच्या दरात आपल्याला दोरासुद्धा येत नाही."

"बरं झालं," टेलर म्हणाला.

झाडूवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. बायको जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. अशा वेळी माणूस काहीही बोलतो, असं त्याला वाटलं.

पण टेलर मनापासून बोलला होता. टेंडरसोबत प्रत्येकाने एक जॅकेट नमुना म्हणून दिलं होतं. ज्याला काम मिळतं त्याचा नमुना पालिका ठेवून घेते, आलेला माल ताडून बघायला. हरलेल्यांना त्यांचा परत मिळतो. टेलरला तो परत हवा होता. ते जॅकेट बायकोने शिवलं होतं. तिच्या हातचं शेवटचं काम. तिचे कपडे त्याच्या बहिणीने तेव्हाच वाटून टाकले होते. "डोळ्यांसमोर नको, दादा," ती म्हणाली होती. त्याला नाही म्हणायचं सुचलं नव्हतं.

तो कापायचा आणि ती शिवायची, लग्न झाल्यापासून हेच. जॅकेट तयार झालं तेव्हा घालून बघायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिनेच ते अंगात चढवलं. कोपऱ्यातला झाडू घेतला आणि दुकान झाडायला लागली. "हात लांब गेला की पाठीत ओढतंय का बघा."

"नाही ओढत. लावू का तुझी वर्णी पालिकेत?"

"लावा. निदान पगार तरी सुरू होईल."

मग तिने दोन्ही हात पुढे धरून पाहिले. "डावी बाही आखूड झाली हो. असू दे, दुमडीत माया ठेवलीय. सकाळी सोडते."

सकाळी तिला अंथरुणातून उठवेना. अंग तापलं होतं. नमुना द्यायची मुदत त्याच दिवशी संपत होती, म्हणून त्याने जॅकेट तसंच नेऊन दिलं. परत आला तेव्हा ती त्याला ओळखत नव्हती. हॉस्पिटलमधून ती घरी आली नाही.

पालिकेचं भांडार जिन्याखाली होतं. फिनेलचे कॅन, ढकलगाडीची चाकं आणि एका कोपऱ्यात चिठ्ठ्या बांधलेली नारिंगी जॅकेटं. टेलरने दारातूनच एकेक चाळून पाहिलं, नजरेने. तिचं त्यात नव्हतं.

"नमुना न्यायला आलो," तो भांडारपालाला म्हणाला.

"तुमचा इथे नाही."

"हरलोय मी. आत्ताच फळ्यावर बघून आलो."

"हरलात खरं. पण समितीने सगळे नमुने ओढून-ताणून पाहिले. तुमचा टाका काही निघेना. मग ठरलं, दर त्याचा, नमुना तुमचा. होलसेलने हुबेहूब तुमच्यासारखं शिवून द्यायचं. नमुना गेल्या आठवड्यातच त्याच्या कारखान्यात गेलाय, फळ्यावर यादी तेवढी आज लागली."

"असं करता येतं?"

"करतात." भांडारपालाने चष्मा पुसायला घेतला. "तुमचा मानच आहे म्हणा ना."

टेलर तसाच कारखान्यात गेला. तिथला मॅनेजर अदबीने बोलला. खुर्ची दिली, पाणी दिलं. "अहो काका, उसवल्याशिवाय बेतणार कसं? तुकडे तेव्हाच झाडून टाकले. पण तुम्ही निश्चिंत राहा, एका टाक्याचा फरक नाही केलेला. पास झालेला नमुना आहे. आम्ही आमची अक्कल कशाला चालवू?"

निघताना टेलर कापायच्या टेबलाखाली वाकून बघून आला. खाली निळ्या चिंध्या होत्या. दुसऱ्याच कुठल्या तरी कामाच्या.

नवी जॅकेटं रस्त्यावर आली तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. समोर एक झाडूवाली मावशी झाडत होती. चार हात मारायची, थांबायची, बाही खाली ओढायची, पुन्हा झाडायची. पलीकडच्या बाजूला तिची जोडीदारीण तेच करत होती.

टेलर उठून मावशीजवळ गेला. "मावशी, बाही आखूड होतेय का?"

"डावी तेवढी. सगळ्यांचीच आहे, दादा. मुकादम म्हणतो, नमुनाच तसा पास झालाय."

त्याने तिच्या बाहीची कड उलटून पाहिली. दुमडीत दोन बोटं जास्तीचं कापड होतं. कारखान्याने तेही नमुन्याबरहुकूम ठेवलं होतं.

"सोडता येईल ना?" मावशीने विचारलं.

"येईल."

"मग आणून टाकते. बाकीच्यांनाही सांगते. थंडीत मनगट उघडं पडतं हो."

दुसऱ्या दिवशी तिने आणि तिच्या सोबतिणींनी जॅकेटं आणून दिली. टेलरने ती खुंट्यांवर लावली. खुंट्या भरल्या तेव्हा बायकोच्या मशीनवर, तिच्या खुर्चीच्या पाठीवर टाकली. काम सोपं होतं. टीप उसवायची, कापड खाली ओढायचं, पुन्हा टीप मारायची. त्याने कात्री हातात घेतली आणि परत ठेवली.

मावशी रोज दुकानासमोरून जाते. "झाल्या का हो दादा?" झाडता झाडता विचारते.

"सकाळी सोडतो," टेलर म्हणतो.

डाव्या बाह्या अजून सोडायच्या राहिल्या आहेत.