हेल

“कुणाला मारू, सांग की!” कडूबाईनं हातातलं गाठोडं खाली आपटलं. “समदं गाव ठणठणीत हाय आन् तू म्हनतीस रड.”

पंकजाला काही बसवत नव्हतं. ओट्यावरून अंगणात, अंगणातून ओट्यावर, असं सकाळपासून चाललं होतं. आपापल्या गावच्या चालीरीती टिपून ठेवायला शिकवणारं शिबिर पाथर्डीत भरलं होतं आणि गावातून तिचं एकटीचं नाव गेलं होतं. कुणी भारूड आणणार होतं, कुणी हळदीची गाणी. हिनं मात्र बेधडक सांगून टाकलं, आमच्या चुलत सासूबाईंचा हेल आणते. मयतीला कडूबाई हेल काढून रडायला लागली की दगडाला पाझर फुटतो, हे तिसगावच्या बाजारात कुणीही सांगेल. पण ते आजच जमायला हवं होतं. उद्या सकाळी ऊसतोडीची टोळी निघणार होती, आणि नातवंडं सांभाळायला कडूबाईही. मग सहा महिने बोंब.

“खोटं खोटं रडा ना, नानी. मी नुसता मोबाईल धरते.”

“खोटं? अगं, रडायला नाव लागतं, बये! नाव न्हाई घेतलं तर हेल जाऊन बसंल कुठं? ज्याच्या दारात रडशील त्याच्याच घरात. उद्या लेकरं-सुना घेऊन निघायचं, आन् आज दारात रडू व्हय?”

“मग दारात नको. बांधावर चला.”

कडूबाईनं तिच्याकडं निरखून बघितलं. “भारूड घे की. आपला गहिनीनाथ म्हनतो लई झ्याक. हेच का पायजे तुला?”

पंकजा पुन्हा ओट्यावर चढली आणि उगीचच उतरली.

“पायाला भिंगरी बांधल्यावानी नाचू नको,” कडूबाई करवादली. “चल. आन् झटदिशी उरकायचं, मला अजून भांडी बांधायचीत.”

बांधावर लिंबाखाली कडूबाईनं बैठक मारली. पलीकडच्या रानात बायका कापूस वेचत होत्या. पंकजानं मोबाईल चालू करून ढेकळाला टेकवला.

“हां. नाव सांग.”

“घ्या ना कुणाचंही.”

“कुणाचंही? जित्या मानसाचं असं नाव वैऱ्याचंसुदीक घेऊ न्हाई. गेलेलाच पायजे. आन् ज्याचं रडायचं राहून गेलंय, असा.”

पंकजानं ढेकळावरचा मोबाईल उगीचच सरळ केला. मग हळूच म्हणाली, “माझे दादा.”

“तुझं वडील? ते कोरोनात गेलं न्हवं?”

“नगरला, दवाखान्यात. तिथूनच नेलं त्यांना, घरी आणलंच नाही. आईला अन् भावाला घरातच कोंडून घ्यावं लागलं, आणि मी इथं. फोनवर कळलं.”

“मंग तवा रडलीस की न्हाई?”

“माझा समर्थ तेव्हा पोटात होता. पोटुशी बाईनं रडू नये, लेकराला बाधतं, असं तुम्हीच म्हणाला होता, नानी. मी घोटभर पाणी प्यायले आणि भाकरी थापायला बसले.”

कडूबाईनं बांधावरचं गवत उपटून बाजूला टाकलं. तिला वाईट वाटलं होतं.

“व्हय,” ती म्हणाली. “म्हनले हुते खरं. काय आनायचे तुझे दादा?”

“गोडीशेव. टेम्पोवर होते ना, बाजारात कांदा टाकून येताना आणायचे. वळणावरूनच हॉर्न वाजवत यायचे.”

“मंग धर.”

“मी? अहो नानी, मला तुमचा हेल पाहिजे!”

“बाप तुझा का माझा? पयला हेल लेकीचा असतोय. मी मागून धरते.”

पंकजानं घसा खाकरला. “दादा,” ती म्हणाली, ते जेवायला बोलावल्यासारखं आलं. तिला स्वतःचीच लाज वाटली. ती उठायला लागली तशी कडूबाईनं तिचं मनगट धरून खाली बसवलं.

“हाक मार त्यांला. जोरात.”

“दादाऽ... माझ्या दादा रंऽ...” आणि मग काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. “आता गोडीशेव कोन आनील रंऽ... वळनावर कुनाची वाट बघू रं माझ्या बापाऽ...” शाळेत शिकलेली भाषा कुठल्या कुठं गेली. मागून कडूबाईचा हेल उठला आणि दोन्ही आवाज रानभर झाले.

कापसातल्या बायका ओटीतला कापूस सावरत धापा टाकत पळत आल्या.

“अगं बाई! कोन गेलं गं?”

“हिचा बाप.”

“आरं देवा! कवा?”

कडूबाईनं पदरानं डोळे पुसले.

“आत्ता,” ती म्हणाली, आणि त्यांना बसायला सरकून जागा करून दिली.