लाजरीची हाक

"मोबाइल," असं म्हणत पाहणीला आलेल्या वनखात्याच्या साहेबांनी पिशवी पुढे केली. "बंद करून यात टाका. पाहणी संपेपर्यंत कुणी पक्ष्यांचे टेप केलेले आवाज वाजवायचे नाहीत. नियम आहे."

तिने मुकाट्याने मोबाइल टाकला. साहेबांनी स्वतःचाही टाकला आणि पिशवीची चेन ओढली.

फळ्यांच्या पायवाटेवर दोघंच होते. दोन्ही बाजूंना खारफुटी, खाली ओहोटीचा चिखल, खाडीपलीकडे शहराच्या इमारती. गेली अकरा वर्षं ती इथे लोकांना पक्षी दाखवत होती. त्याआधी तिचे बाबा दाखवायचे. आता इथे भराव घालून गोदामं बांधायचं जवळजवळ ठरलं होतं. ते थांबलं असतं तर फक्त लाजरी या दुर्मिळ पाणपक्ष्यामुळे. चिखलाच्या रंगाची, कोंबडीएवढी, माणसाची चाहूल लागली की मुळांत शिरून बसणारी. ती इथे आहे असं पाहणीच्या वहीत नोंदलं गेलं, की जागेला कुणाला हात लावता आला नसता.

पण सहा वर्षांत लाजरी कुणाला दिसली नव्हती की ऐकू आली नव्हती. आणि आज पाहणीचा शेवटचा दिवस.

म्हणून तर तिने पहाटेच नवऱ्याला उजवीकडच्या झाडीत धाडलं होतं. त्याच्याकडे छोटा स्पीकर, त्यात बाबांनी कधीकाळी टेप केलेली लाजरीची हाक. तीनदा हाक, की संपलं. "बरोबर आठला बटण दाब. आणि मोबाइल बंद ठेव, नाहीतर नेमका तुझ्या आईचा फोन यायचा," असं तिने दहादा बजावलं होतं. तरी धाकधूक होतीच. हा माणूस जगाचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा, आणि घरची बेल दोन वर्षं मुकी होती!

"सारखं घड्याळ काय बघताय, ताई?"

"भरतीची वेळ बघतेय."

"बसा हो निवांत. तुमच्या येरझाऱ्यांना बगळेसुद्धा वैतागले."

ती बाकावर टेकली, पण पाय काही थांबेना. साहेब दुर्बीण पुसत बसले. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते.

"चौतीस वर्षं हेच केलं. लाजरी तेवढी राहिली. आमची ही म्हणते, तुमची लाजरी म्हणजे नुसती थाप."

आठला पाच मिनिटं असतानाच हाक आली. खर्जातली, घशातली. एकदा. दुसऱ्यांदा.

डावीकडून! तिचं डोकंच फिरलं. उजवीकडे बसवलेला माणूस डावीकडे कसा कडमडला? त्यात तिसऱ्या हाकेला संपायला हवं, तर चौथी आली, पाचवीही आली. दोनदा बटण दाबलं वाटतं. एक काम धड करेल तर शपथ!

साहेब उभे राहिले होते. त्यांनी घाईघाईने वहीत लिहिलं, वेळ टाकली, मग पिशवीतून आपला मोबाइल काढून घरी लावला.

"अगं, ऐकली! थाप नाही गं, या कानांनी ऐकली!" बोलता बोलता त्यांनी बाहीने डोळे पुसले.

मग त्यांनी वही तिच्यापुढे धरली. "साक्षीदार म्हणून सही करा. मला इथे पहिल्यांदा तुमच्या बाबांनीच आणलं होतं. आज असते, तर केवढा आनंद झाला असता त्यांना!"

तिने पेन घेतलं. सही करायची, की जागा वाचली. एवढंच तर होतं. पण त्या म्हाताऱ्या, ओल्या डोळ्यांकडे बघून तिचा हात काही चालेना.

"साहेब, ती लाजरी नव्हती."

आणि तिने सगळं सांगून टाकलं. टेप, स्पीकर, झाडीतला नवरा.

साहेब मटकन बाकावर बसले. मग त्यांनी वहीतलं पान फाडलं, घडी करून खिशात घातलं. "घरी काय सांगू आता?" एवढंच म्हणाले.

"माझं चुकलं. पण जागेला शिक्षा नको, साहेब. आणखी एकच दिवस थांबा."

"आता तुम्ही लाजरी आणून माझ्या हातावर ठेवलीत, तरी मला लिहिता येणार नाही, ताई."

तिचा मोबाइल तिच्या हातात देऊन ते निघून गेले.

ती तिथेच बसून रडली. जागा गेली. निदान बाबांच्या जागेत आपण खोटी सही तरी केली नाही, अशी तिने मनाची समजूत घातली.

अर्ध्या तासाने नवरा आला. कंबरेपर्यंत चिखल, हातात पाणी गळणारा स्पीकर.

"गेले का साहेब? हे बघ, रागावू नकोस हं," तो लांबूनच म्हणाला. "आत शिरतानाच पाय घसरला आणि हा पाण्यात पडला. एकदासुद्धा वाजला नाही. म्हटलं, आता आपली काही धडगत नाही." मग तिच्या हातातल्या मोबाइलकडे बघून तो हसला. "पण तू वेळेवर त्याच्यावर हाक लावलीस, तेव्हा कुठे जिवात जीव आला. बरं सुचलं गं तुला!"