तुलनेची मुलगी

“नाव सांगू नकोस,” हिल्डा प्रेंटिस म्हणाल्या. “वयही नको.”

“इथं आल्यापासून हेच ऐकतोय,” ओवेननं चहाचा मग पुढं सरकवला. “साखर घातलीय, हे तरी सांगू ना?”

पडद्यावरच्या चित्रफितीत एक जोडपं जेवणाच्या टेबलाशी भांडत होतं. बघणाऱ्याची नजर जिथं जाई, तिथं लाल ठिपका सरकत होता. बघणारं माणूस कोण, ते तपासणाऱ्याला कळता कामा नये, हा नियम लंडनच्या त्या प्रयोगशाळेला हिल्डांनीच घालून दिलेला. स्वमग्न मुलं आणि अक्षरं न लागणारी मुलं, यांच्या पायी त्यांचा उभा जन्म गेला होता. मायेपोटी माप चुकतं, हे त्या जाणून होत्या.

“हे बघणारी बाई खाली बसलीय,” ओवेन म्हणाला. “आईशी बोलणं तुटलंय. आई म्हणते, ही दगडाच्या काळजाची. आपण खरंच तशा आहोत का, एवढंच तिला कळायला हवंय. मग आईला फोन करायचा का, ते ठरवेल.”

पडद्यावरच्या बायकोचा आवाज चढला, तसा ठिपका टेबलक्लॉथच्या कडेवर गेला आणि शिवण धरून चालत राहिला. चेहऱ्यांकडे फिरकलाच नाही.

ओवेननं नोंदवही पुढं ओढली.

“दगड कसली?” हिल्डा हळूच म्हणाल्या. “हिला सगळं फार लागतंय, म्हणून नजर काढून घेते. स्वमग्नताच आहे ही. लहानपणी कुणाच्या ध्यानात आलं नाही?”

“लहानपणी इथंच यायची. तुलनेच्या गटात.”

हिल्डांना ते दिवस आठवले. तुलनेला सर्वसाधारण मुलं लागत, ती बाहेरून मिळत नसत. मग इथली मंडळी आपापली पोरं आणून बसवत. त्यांना कोण तपासणार? ती सर्वसाधारण, हे धरूनच चालायचं.

“म्हणजे आपल्यातल्याच कुणाची तरी,” त्या हसल्या. “दुसऱ्यांची मनं वाचत बसलो, आणि घरात आंधळे. त्या आईचे कान मीच धरते बघ. आधी पोरीला वर बोलाव.”

ओवेननं फोन केला. हिल्डा उठल्या, समोरची खुर्ची मोकळी केली.

आलेली बाई बसली नाही. खिडकीबाहेर बघत तिनं विचारलं, “मग आई, आता फोन करू का नको?”